उतारावर लावलेली पिकअप

“पोटभर खाई ले, माय. हाऊ तुना शेवटना रोट शे.”

माझं लग्न ठरलं त्या वर्षीच्या श्रावणात अक्काने, म्हणजे माझ्या मोठ्या काकूने, ताटात रोटाचा तुकडा वाढताना हे म्हटलं होतं. पोटभर खाऊन घे, हा तुझा शेवटचा रोट. ती रागाने म्हणाली नव्हती की डोळे पुसतही नव्हती. भाजीत मीठ कमी पडलंय हे सांगावं तसं सांगून ती पुढच्या ताटाकडे वळली.

खानदेश ज्यांच्या ओळखीचा नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. ही नारळाची देवी. तिला डोळे लावतात, नथ घालतात, चौरंगावर बसवतात आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर नेतात. तिच्यासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात आणि त्या पिठाचे रोट करतात. पुरणपोळी, खीर, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी कुणालाही वाढतात. रोट मात्र भाऊबंदांनीच खायचा आणि पौर्णिमेच्या आत संपवायचा. निदान आमच्या घरची रीत अशी, गावागणिक थोडं इकडेतिकडे. मुलगी लग्न होऊन गेली की ती सासरचा रोट खाते. मीही बरीच वर्षं खाल्ला. मग ते घर सुटलं, तेव्हा तिथला रोटही सुटला. आता मी नाशिकला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. श्रावण येतो आणि जातो.

यंदा अक्काचा फोन आला तेव्हा मी बाल्कनीत उभ्या-उभ्या चहा पीत होते. हल्ली मला बसून चहा पिता येत नाही.

“आबाना डोयानं ऑपरेशन व्हयनं. डॉक्टर म्हने गाडी चालवानी नही. दादाले सुट्टी नही. कानबाई गावले कोन लई जाई?”

आबा म्हणजे माझे मोठे काका, दादा त्यांचा मुलगा. हे सगळे जळगावला राहतात. थोरलं घर म्हणून कानबाईचा जुना नारळ त्यांच्या देव्हाऱ्यात असतो, पण बसवायची ती सोनगीरजवळच्या आमच्या गावी, सगळ्या भाऊबंदांत. दरवर्षी ती पिकअपमधून जाते.

“मी येते,” मी म्हटलं.

“पिकअप शे. तुले जमी का?”

“जमेल.”

“तुना बापनीच गाडी शे ती,” अक्का म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

शनिवार

नाशिक रोडवरून जळगावला सकाळच्या गाड्या भरपूर आहेत आणि चार तासांच्या आत पोहोचता येतं. कानबाईच्या आदल्या दिवशी मात्र आरक्षणाशिवाय निघू नका. सुरतेहून, पुण्याहून सगळा खानदेश घराकडे निघालेला असतो. मला खिडकी मिळाली होती, तरी चाळीसगावनंतर मी दाराशी जाऊन उभी राहिले. पाचोऱ्याला परत जागेवर आले, पाच मिनिटांत पुन्हा दाराशी. समोरच्या बाई शेवटी म्हणाल्या, “ताई, पाय दुखत असतील तर मी सरकून बसते.” मी म्हटलं, पाय नाही दुखत. मग काय दुखतंय ते त्यांनी विचारलं नाही, बरं झालं. जळगाव जवळ आलं तसे केळीचे बाग लागले, वाऱ्याने पानांच्या चिंध्या झालेले. बापूंच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या पिकअपमध्ये मागे हीच केळी असायची, घडांवर घड, आणि मधल्या खाचेत मी.

संध्याकाळी अक्काने परात पुढ्यात घेतली. गहू मी निवडून ठेवले होते, एकेक खडा बघून. आबा देव्हाऱ्याकडे तोंड करून नावं घेत होते आणि अक्का मूठ भरत होती. आबांचं नाव, दादाचं, दादाच्या मुलाचं, मग गावाकडच्या एकेका भाऊबंदाचं. बापू जाऊन कितीतरी वर्षं झाली, म्हणून त्यांचं नाव त्यात नव्हतं. सर्वांत शेवटी चुलतभावाच्या नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं नाव आलं, जे अजून धड ठरलंही नव्हतं. “बाळू म्हना आते,” अक्का म्हणाली आणि तिने त्याच्याही नावाने सव्वा मूठ टाकली. मी निवडलेले खडे कागदात गुंडाळले आणि बाहेर टाकायला गेले.

बाहेर पिकअप उभी होती. गल्लीला जिथे उतार आहे तिथे, तोंड खाली करून. घरासमोर मोकळी सपाट जागा होती, ती सोडून.

“अशी तिरपी का लावलीय?” मी विचारलं.

आबांच्या डोळ्यांवर ऑपरेशननंतरचा काळा चष्मा होता. त्यांनी नजर चुकवली असावी, पण चष्म्यामुळे कळलं नाही. “ती उतारवरच उभी राहास,” ते म्हणाले.

रविवार, सकाळ

गिरणीवाला कानबाईचं पीठ दळायच्या आधी जातं धुऊन घेतो, त्यामुळे तिथे रांग असते. पीठ हातात यायला नऊ वाजले. मागे चौरंग, पाट, पितळी हंडे, पिठाचा डबा, सगळ्यांवर ताडपत्री. केबिनमध्ये आम्ही तिघं. खिडकीशी आबा, मध्ये अक्का आणि तिच्या मांडीवर लाल कापडात गुंडाळलेली कानबाई. ती एकदा मांडीवर आली की चौरंगावर बसेपर्यंत खाली ठेवायची नाही.

मी किल्ली फिरवली. एकच जाड “टक्” झाला, बाकी काही नाही.

“किल्लीना नाद सोड,” आबा म्हणाले. “दुसरा गिअर टाक. क्लच दाब. ब्रेक सोड.”

गाडी उतारावरून घरंगळू लागली. “आते सोड!” मी क्लच सोडला, एक हिसका बसला आणि इंजिन धडधडायला लागलं. अक्काने नारळ छातीशी धरला होता. आबांनी हात वर करून मला बजावलं, “आते ऐक. काहीबी व्हवो, बंद करू नको.”

तर हे त्या उताराचं रहस्य. गेली काही वर्षं आबा हिला अशीच वागवत होते. बाजार समितीच्या फाटकापाशी एक जागा, दवाखान्याच्या मागे एक, लग्नाला गेले तर आधी मंगल कार्यालयाचा उतार बघायचे. मी विचारलं, “दुरुस्त का करत नाही?”

“तीन बॅटऱ्या बदल्यात. स्टार्टर दोनदा खोला. काय करू? दिवाळीले भंगारवाला ई राह्यना.”

गाडी भंगारात जाणार आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं कारणही नव्हतं म्हणा.

जळगाव ते धुळे हा रस्ता आता चांगला आहे. पाळधीपर्यंत गर्दी, पुढे मोकळं. पहाटे निघालात तर दोन तासांत धुळे. आमच्यासारखे नारळ सांभाळत निघालात तर वेळेचा हिशेब करू नका. दोन्ही बाजूंना गुडघाभर कपाशी, मधूनच मका. एरंडोलला चहासाठी थांबलो. म्हणजे मी गाडीत बसून ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून चहा प्यायले, आबांनी खाली उतरून, आणि अक्काने मांडीवर देवी म्हणून खिडकीतून.

“बाबा, गाडी बंद करा ना,” चहावाला म्हणाला. “गिऱ्हाइकांच्या नाकात धूर चाललाय.”

“बंद करी की चालू व्हवाव नही.”

“मग घेतली कशाला?”

“तू चहा वत,” आबा म्हणाले. “गाडी मी देखस.”

चहा बरा होता. सोबत शेव-मुरमुरे छान मिळतात. जेवायचं असेल तर पारोळ्याच्या आसपासच्या कुठल्याही ढाब्यावर शेवभाजी मागा आणि तिखट कमी सांगा. कमी सांगूनही ती तिखटच येते. आम्ही केळ्यांवर भागवलं, कारण अक्का चातुर्मासात कांदा-लसूण खात नाही आणि कानबाई मांडीवर असताना ढाब्यात पाऊल टाकणार नाही.

रविवार, दुपार

पारोळा सोडल्यावर रस्त्याला एक लांबट चढ आहे. चढाच्या मध्यावर ठेलाऱ्यांची, म्हणजे मेंढपाळांची, मेंढरं रस्ता ओलांडत होती. मी ब्रेक दाबला आणि क्लच दाबायला अर्धा क्षण विसरले. माझ्या नाशिकच्या गाडीला क्लचच नाही. पिकअप एकदा थरथरली आणि गप्प झाली.

किती शांत झालं ते सांगता येत नाही. मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू यायला लागल्या.

किल्ली. टक्. पुन्हा किल्ली. टक्.

“बंद कई तू,” आबा म्हणाले.

“मी नाही केली, पडली.”

ठेलारी आणि त्याच्या दोघा भावांनी मागून जोर लावला. पण चढावर भरलेली पिकअप तीन माणसं कुठवर ढकलणार? मग आबांना सुचलं. “रिव्हर्स टाक. मांगे सोडी दे. खाले उतार शे, चालू व्हई जाई.”

कल्पना चांगली होती. डिझेल गाडी मागच्या गिअरवरही धक्क्याने चालू होते. मागून ट्रक येत होते, पण ठेलारी काठी घेऊन उभा राहायला तयार होता. मी रिव्हर्स टाकला, तेवढ्यात अक्का म्हणाली, “नही.”

“काय नही?”

“कानबाई उलटी जात नही. घरथून निंघनी की फुडेच जास.”

“अक्का, दहा पावलं,” मी म्हटलं.

“एक बी नही.”

“मग तू उतर, आम्ही गाडी मागे नेतो.”

“उतरीसन काय रस्तावर बसाडू हिले?”

आबांनी कपाळाला हात लावला. ठेलारी हसू दाबत म्हणाला, “आबा, देवी आणि बायको एकाच सीटवर बसल्या, आता तुमचं काही चालत नाही.” मग त्याने पुढच्या फाट्यावरच्या बॅटरीवाल्याला फोन लावला आणि मेंढरांमागे गेला.

संध्याकाळी दिवेलागणीला कानबाई बसायला हवी होती. गावात सगळे भाऊबंद वाट बघत होते, त्यांचे रोट आमच्या डब्यात होते. आणि मी, जिला त्यातलं काही मिळणार नव्हतं, चढावर अडकलेल्या गाडीभोवती फेऱ्या मारत होते. चार फेऱ्या, मग कपाशीच्या बांधापर्यंत, मग परत. उत्तरेकडे अगदी दूर सातपुडा निळसर दिसत होता. धुळ्याच्या दिशेने उघडे काळे डोंगर. भुरभुर येत होती आणि थांबत होती.

“बस ना एक जागे,” अक्का खिडकीतून म्हणाली. “लहानपनपाईन अशीच शे. बूडले चाकं.”

गोकुळभाऊ बॅटरीवाले स्कूटरवर आले. पुढे पिशवीत अवजारं, मागे बांधलेली बॅटरी. आल्याआल्या म्हणाले, “बॅटरी गेली.”

“तिसरी शे,” आबा म्हणाले. “होळीले बसाडी.”

“मग डुप्लिकेट असेल.”

मला एक आठवलं. माझी गाडी एकदा तळघरातल्या पार्किंगमध्ये अशीच अडून बसली होती, तेव्हा दुरुस्तीवाल्याने फोनवरच विचारलं होतं की दिवे लावून किल्ली फिरवली तर दिवे मंद होतात का. मी गोकुळभाऊंना म्हटलं, जरा समोर उभे राहा. हेडलाइट लावले आणि किल्ली फिरवली. टक्.

“दिवे?”

“जसेच्या तसे.” ते वाकून पुन्हा बघायला लागले. “लख्ख आहेत. पुन्हा मारा.” टक्. “लख्ख.”

वाचकांपैकी कुणाची गाडी कधी अशी अडली तर हे लक्षात ठेवा. घाईघाईने टकटकटकटक असा आवाज आला आणि दिवे मिणमिणले, तर बॅटरी उतरलेली असते. टक् एकदाच आला आणि दिवे तसेच राहिले, तर बॅटरीत जोर आहे, तो स्टार्टरपर्यंत पोहोचत नाही किंवा स्टार्टर अडकलाय. आधी बॅटरीची टोकं हलवून बघा. आम्ही हलवली, घट्ट होती. गोकुळभाऊ गाडीखाली सरकले आणि स्टार्टरवर टॉमीच्या लोखंडी दांड्याने ठोकायला लागले. “मारा!” टक्. ठण् ठण् ठण्. “मारा!” टक्.

“अहो, देवी बशेल शे,” अक्का वरून ओरडली. “हळू ठोका.”

“देवीलाच सांगा ना जरा, मावशी.”

“ती तुम्हले सांगी राह्यनी, हळू ठोका.”

गोकुळभाऊ बाहेर आले, पाठीला चिखल. मग मी म्हटलं, “वीज जाते ती परत कुठून येते?”

“म्हणजे?”

“बॅटरीतून स्टार्टरला जाते. पण परत बॅटरीकडे यायला तिला वाट लागते ना?”

“अर्थिंग,” ते म्हणाले आणि स्कूटरकडे वळले. “ते राहिलंच बघायचं.” त्यांच्याकडे चिमट्यांच्या दोन जाड केबल होत्या. त्यातली काळी घेतली, एक चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हला लावला, दुसरा थेट इंजिनच्या लोखंडाला. “मारा आता.”

मी किल्ली फिरवली. टक् आला नाही. इंजिन पहिल्याच फेरीत उठलं, असं की मी दचकून पाय उचलला आणि ते पुन्हा बंद पडलं. पुन्हा किल्ली, पुन्हा चालू.

आबा दोन्ही हात बॉनेटच्या कडेवर ठेवून आत बघत होते. “मग बॅटऱ्या?” ते हळूच म्हणाले.

“त्या बिचाऱ्या चांगल्याच होत्या,” गोकुळभाऊ म्हणाले.

आता खराब जागा शोधायची होती. इंजिनपासून चॅसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, एक तांब्याची पट्टी जोडलेली असते, वेणीसारखी विणलेली. तिचं इंजिनकडचं टोक नीट होतं. दुसरं टोक बॅटरीच्या खाली चॅसीच्या कडेवर बोल्टने आवळलेलं असायला हवं होतं. पण तिथे बोल्ट दिसतच नव्हता. तिथे एक लाल ढेकूळ होतं. कुंकू, तेल, हळद, पुन्हा कुंकू, एकावर एक चढलेले थर, आणि खालून हिरवट-तपकिरी गंज फुगून आलेला.

“हे काय आहे?” गोकुळभाऊंनी विचारलं.

आबा चष्मा नीट करायला लागले. अक्काच मग खिडकीतून म्हणाली, “नारय फोडतस तथा.”

नवी गाडी घेतली की लोक नारळ चाकाजवळ फोडतात. बापू म्हणायचे, राबतं इंजिन आणि पाणी चाकाला का? म्हणून पहिल्या दसऱ्यापासून त्यांनी बॉनेट उघडून चॅसीच्या त्या कडेवर नारळ फोडला, त्याच जागी कुंकू लावलं. मला ते आठवत होतं. पाणी आत ठिबकायचं आणि बापू म्हणायचे, “पी, पी.” ते गेल्यावर आबांनी तीच जागा धरली. दर दसऱ्याला नारळ. गाडी अडायला लागली तशी नवी बॅटरी, आणि नव्या बॅटरीचा नारळ. तोही तिथेच.

“तीन बॅटऱ्या, तीन नारय!” अक्का म्हणाली. “पानी पाजी पाजी आजारी पाडी टाकं तुम्ही दोन्ही भाऊसनी तिले.”

गोकुळभाऊ इतके हसले की त्यांना बंपरवर बसावं लागलं. मग त्यांनी पाना काढला, बोल्टला बसवला आणि मला पॉलिश पेपर दिला. “ताई, घासा. लोखंड पांढरं दिसेपर्यंत.”

मी हात घातला, तेवढ्यात आबांनी माझं मनगट धरलं. “घासू नको.”

“आबा?”

“खाले बापूना हातनं कुंकू शे.”

ट्रक जात होते. त्यांच्या वाऱ्याने गाडी हलायची. माझ्या हातात पॉलिश पेपर होता. मला ती गाडी चालू व्हायला हवी होती, दिवाळीनंतरही. आणि तिथे सगळ्यात तळाला बापूंचं बोट लागलेलं होतं. मी हात मागेही घेतला नाही, पुढेही नेला नाही.

अक्का खिडकीतून वाकली. मग म्हणाली, “घास, माय. पन खाले पाडू नको. मले दे.”

मी वर्तमानपत्राचा तुकडा खाली धरला आणि घासत गेले. वरचं गडद लाल निघालं, मग विटकरी, मग गुलाबीसर, मग नुसता गंज. आबा पाठ करून रस्त्याकडे बघत उभे होते. लोखंड पांढरं झालं, पट्टीचं टोक चकाकलं, गोकुळभाऊंनी बोल्ट आवळला. कागद मी अक्काकडे दिला. तिने कानबाई डाव्या हाताने छातीशी धरली, उजव्या हाताने ती लाल पूड पदराच्या टोकात घेतली आणि दातांनी गाठ मारली.

“आता तिथे नारळ फोडू नका,” गोकुळभाऊ निघताना म्हणाले.

“मग कथा फोडू?” आबांनी विचारलं.

“माझ्या दुकानात येऊन फोडा. खोबरं मी खाईन.”

केबल काढून टाकल्यावर मी किल्ली फिरवली. चालू. बंद केली. पुन्हा चालू.

“खेळी राह्यनी का?” अक्का म्हणाली. “चाल आते. सांज व्हई.”

रविवार, दिवेलागण

धुळ्यात न शिरता बाहेरूनच आग्र्याच्या महामार्गाला लागलो. सोनगीर वीसेक किलोमीटर. महामार्गावरूनच टेकडीवरचा किल्ला दिसतो, चढायला सोपा आहे. गावात तांब्या-पितळेची भांडी मिळतात. आमच्याकडे थांबायला वेळ नव्हता, तुमच्याकडे असेल तर थांबा.

गावात शिरताना आबा म्हणाले, “मारुतीना देऊयफाईन उतार शे, तथा लाव.”

“आबा, आता कुठेही लावा.”

“तथा लाव.”

मी तिथेच लावली.

कानबाई वेळेवर बसली. चौरंग, कण्हेरीची फुलं, डोळे, नथ. बायका गाणी म्हणत होत्या, मला निम्मी येतात, मीही म्हटली. मग घरात पानं मांडायची वेळ झाली आणि मी आपण होऊन उठले. कुणाला “तू जरा बाहेर” म्हणायची वेळ येऊ नये, हे एवढ्या वर्षांत शिकलेय. पिकअपमध्ये जाऊन बसले. किल्ली फिरवली. चालू. बंद. चालू. घरातून हसण्याचे आवाज येत होते. बाळूच्या नावाच्या रोटाचं काय करायचं, त्याला तर दात नाहीत, यावर कुणीतरी काहीतरी म्हणत होतं.

अक्का ताट घेऊन आली. “डिझेल कसाले जाळी राह्यनी?” तिने ताट खिडकीतून दिलं. पुरणपोळी, खीर, गंगाफळाची भाजी, कटाची आमटी. सगळं व्यवस्थित वाढलेलं, फक्त उजव्या बाजूला बोटभर जागा मोकळी. तिच्या हाताला सवय होती. रोट तिथे असतो.

तिनेही ते पाहिलं. मी पाहिलेलं तिने पाहिलं. “भात लेशी का?” ती म्हणाली.

“नको, अक्का. पुरे.”

सोमवार, आणि नंतर

सकाळी सगळ्या बायका कानबाई डोक्यावर घेऊन नदीवर गेल्या, फुगड्या झाल्या, नारळ परत घरी आला. गाडी जळगावला न्यायला चुलतभाऊ मिळाला. त्याने किल्ली फिरवली आणि एका फटक्यात चालू झाली, तेव्हा ओट्यावरच्या म्हाताऱ्यांनी उगीच टाळ्या वाजवल्या. आबांनी भंगारवाल्याचं नाव काढलं नाही. मीही नाही.

वाटेत मला धुळ्याच्या बसस्थानकापर्यंत पिकअपमधूनच सोडलं. नाशिकच्या बसेस तिथून सारख्या असतात, मालेगावमार्गे चार-साडेचार तास. बस लागल्यावर अक्काने पदराची गाठ सोडली, त्यातली अर्धी लाल पूड कागदाच्या पुडीत बांधली आणि माझ्या पर्समध्ये कोंबली. “तुना बापनं शे,” ती म्हणाली.

ती पुडी आता माझ्या खिडकीच्या कट्ट्यावर आहे. देव्हाऱ्यात ठेवू की नको हे ठरत नाही, निम्मा गंजच तर आहे. घरात आल्यापासून मी तिच्याभोवती फिरतेय. चहा अजूनही उभ्यानेच. रात्री झोप येत नाही असं नाही, पण पहाटे जाग येते आणि वाटतं, कुठेतरी निघायचंय. आणि कुठेच निघायचं नसतं.

पौर्णिमा अजून व्हायची आहे. भाऊबंदांच्या घरांत सकाळच्या चहाबरोबर रोटाचे तुकडे संपवणं चाललेलं असणार.

आज आबांचा फोन आला. “सपाटीवर लाई व्हती,” ते म्हणाले. “रातभर. झोप नही लागनी मले. सकाये किल्ली मारी, आन चालू.” ते इतकं हळू सांगत होते, जणू गाडी ऐकेल आणि तिचं मन बदलेल.

मी म्हटलं, “अक्काला द्या.”

तिने घासलेलं कुंकू पदरात घेतलं म्हणून ती हे मान्य करेल असं नाही. ती रिव्हर्सची दहा पावलंही मान्य करत नाही. ती काय म्हणेल ते मला पाठ आहे, कुठल्या आवाजात म्हणेल तेही. तरी फोनवर तिचा श्वास ऐकू आला, पाठोपाठ “बोल, माय,” आणि मी भिंतीला टेकून कधी नव्हे ती खाली बसले.

“अक्का, फुडला साल गहू लेशी तव्हय मना नावनी एक मूठ टाकशी का? सव्वा नको. एकच.”